आकडे पुकारणारी ऑर्फा आणि हॉलमधला धूर

टॅनर्स कोव्हमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमधून इतका धूर निघायचा, की नवख्या माणसाने आधी बंब बोलवायला धावावं. धावून उपयोग नव्हता. बंबवाले सगळे आतच बसलेले असत आणि धूर काढण्यात तेच सगळ्यांच्या पुढे असत.

गुरुवार म्हणजे बिंगो, कार्डावरचे आकडे जुळवायचा पैशांचा खेळ. गावाचा बंब, त्याच्या नळ्या, दलातल्या पोरांचे बूट, सगळं बिंगोच्या गल्ल्यावर चालायचं. नोव्हा स्कोशियाच्या या किनाऱ्यावर हिवाळा लांबलचक, मासेमारी बंद, टीव्हीवर बघण्यासारखं काही नाही. त्यामुळे गुरुवारी गाव हॉलमध्ये जमायचंच. आणि तो बिंगो चालायचा ऑर्फा मॉसमनच्या आवाजावर.

ऑर्फा तेव्हा पासष्टीला टेकलेली. उंच, हाडापेराने दणकट, केस कानापाशी कापलेले. तिचा जन्म मासळीच्या कारखान्यात गेला. हॅडॉक माशाचे काटे काढणाऱ्या बायकांच्या रांगेत, यंत्रांच्या घरघराटात, शेजारणीकडे सुरी मागायची तरी घसा ताणावा लागे. तिथेच तिचा आवाज घडला. कारखाना बंद पडला तसा तो आवाज रिकामा राहू नये म्हणून दलाने तिला स्टेजवर बसवलं. समोर काचेच्या पेटीत हवेवर नाचणारे चेंडू, त्यातला एक वर आला की ऑर्फा पुकारायची, "बी सात! ओ एकाहत्तर!" मागच्या भिंतीपाशी बसलेल्या बहिऱ्यालाही ऐकू जायचं.

ऑर्फा सिगारेट ओढत नसे. टॅनर्स कोव्हमध्ये हे जरा विचित्रच होतं. पंधराव्या वर्षी मासळीच्या शेडमागे थोरल्या बहिणीने, वेस्टाने, तिला एक झुरका दिला होता. ऑर्फाने तो घेतला आणि वेस्टाच्या नव्या बुटांवर ओकली. तिच्या बाजूने विषय तिथेच संपला. वेस्टाच्या बाजूने तो पुढे पन्नास वर्षं चालला.

ऑर्फाला खोड एकच, प्रश्न पडायची. स्टेजवरून तिला सगळा हॉल दिसायचा, निदान धूर देईल तेवढा. माणसाच्या कार्डावर शेवटचा एकच आकडा उरला, की तो सिगारेट ओढायचं विसरतो हे तिने हेरून ठेवलं होतं. सिगारेट बोटांत तशीच जळत राहते आणि राख लांब लांब होत जाते. राखेवरून ती मनात सांगायची, आता खिडकीजवळची ल्युएला "बिंगो" ओरडणार, आता दलाचा चीफ. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. पण असं का होतं? ज्या घटकेला जीव टांगणीला लागलेला असतो, नेमकी तेव्हाच सिगारेट नको कशी होते? ती बऱ्याच जणांना विचारून बघायची. "डोकं खाऊ नकोस ऑर्फा, आकडे पुकार," एवढंच उत्तर मिळायचं.

नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली होती. कायदा पहिल्यांदा आला तो अर्धाच आला. परगण्याच्या परिषदेने फर्मान काढलं, की हॉलचा अर्धा भाग बिनधुराचा ठेवा. चीफ मर्ल वेंट्झेल हा दलाचा प्रमुख, दोन बोटं कायमची पिवळी झालेला माणूस. त्याने जमिनीवर मधोमध पिवळी पट्टी चिकटवली. डावीकडे ओढायची नाही, उजवीकडे ओढा.

शहरातल्या कुणाला हे सोपं वाटलं असेल. पण बिंगो खेळणारा माणूस आपली खुर्ची बदलत नाही. ज्या खुर्चीत एकदा मोठा डाव लागला, ती त्याची. तिथे त्याच्या शकुनाच्या हत्तीच्या मूर्ती, नातवंडांचे फोटो, ठिपके मारायची रंगीत शाईची पेनं ठरलेल्या क्रमाने मांडलेली असतात. पट्टी आली म्हणून उठून पलीकडे जायचं, म्हणजे नशीब हाताने उचलून शेजाऱ्याला द्यायचं. कोणीही हललं नाही. डावीकडची धुराडी डावीकडेच बसून ओढत राहिली आणि न ओढणारे चार जण उजवीकडे खोकत राहिले. चीफ पट्टीवर उभा राहून ओरडला, "अरे, कायदा आहे!" तर ल्युएला हिमलमन त्याला म्हणाली, "मग पट्टी वाकडी लाव ना. माझ्या खुर्चीला वळसा घालून ने." चीफने खरंच तसं करून पाहिलं. पट्टी इतकी वळणं घेत गेली, की शेवटी ती त्याची त्यालाच सापडेना. आठवडाभराने त्याने ती खरवडून काढली.

मग वेस्टाची फुप्फुसं गेली. एकदम गेली असं नाही. ती बरीच वर्षं जातच होती, पण वेस्टा कुणाला कळू देत नव्हती. जिना चढताना मध्येच थांबून खिडकीबाहेर काहीतरी बघत असल्याचं सोंग करायची. त्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी तिच्या नाकाला नळी लावली आणि चाकांवरचं ऑक्सिजनचं नळकांडं दिलं. सिगारेट त्याच दिवशी सुटली. सुटली म्हणजे सोडावी लागली. आणि पुढच्या गुरुवारी वेस्टा केस सेट करून, नळकांडं ओढत हॉलच्या दारात हजर झाली, तर चीफ आडवा उभा.

"वेस्टा, आत नाही येता येणार."

"का रे, मी काय पेटवणार आहे?"

"तू नाही पेटवणार. बाकीचे पेटवतायत. ऑक्सिजनपाशी एक ठिणगी पडली की तू, ल्युएला आणि अर्धं टेबल, सगळं भडकेल. मी आगवाला आहे बाई. माझ्याच हॉलमध्ये आग लागली तर मी तोंड कुठे लपवू?"

चीफचं दुसरं काही कुणी ऐकलं नसतं, पण आगीच्या बाबतीत त्याच्याशी वाद घालायची सोय नव्हती. वेस्टा दारातून परत फिरली. स्टेजवरून ऑर्फाला हे सगळं दिसत होतं. तिच्या हातातला आय अठराचा चेंडू तसाच पुकारायचा राहून गेला.

त्यावर गावाने तोडगा काढला. वेस्टाची जुनी निळी पिकअप हॉलच्या बाजूच्या खिडकीपासून दोन हात अंतरावर उभी करायची, खिडकी वीतभर उघडी ठेवायची आणि वेस्टाने गाडीत बसून खेळायचं. कार्ड लागलं की हॉर्न. मग आतलं कोणीतरी बाहेर पळत जाऊन आकडे तपासायचं. पहिल्या दिवशी हॉर्न वाजला तेव्हा हॉलमधली निम्मी माणसं दचकून उभी राहिली, ल्युएलाने चहा सांडला आणि सगळे पोट धरून हसले. वेस्टाही गाडीत हसत होती. मात्र हसून झाल्यावर दम परत गोळा करायला तिला बराच वेळ लागला.

पानगळ आली. समुद्रावरून वारा सुटला की वीतभर उघड्या खिडकीतून हॉलमध्ये बर्फाचं पातं घुसल्यासारखं वाटायचं. आणि त्याच सुमाराला परिषदेने पुढचा कायदा आणला: दुकानं, खाणावळी, कचेऱ्या, सगळीकडे धूम्रपान बंद. बिंगोच्या हॉलना तेवढी एका वर्षाची मुभा. आपापलं ठरवा म्हणाले. म्हणजे गावाच्या गळ्यात लोढणं आयतं येऊन पडलं.

दर गुरुवारी हॉलमध्ये तोच वाद. एकीचं म्हणणं, बंदी आली की लोक पुलापलीकडच्या माजी सैनिकांच्या क्लबात बिंगोला जातील, तिकडच्या परगण्यात अजून कुणी अडवत नाही. मग आपला बिंगो मेला आणि बंबही. दुसऱ्याचं म्हणणं, माझं घर, माझी फुप्फुसं, सरकारला काय करायचंय? तिसरा म्हणे, हॉल तुझं घर नाही आणि फुप्फुसं शेजारणीलाही असतात. ऑर्फा सगळं ऐकायची. तिला दोन्ही बाजूंचं पटायचं आणि त्याचाच तिला वैताग यायचा.

पण सगळ्यांत जास्त कोड्यात तिला कुणी टाकलं असेल, तर वेस्टाने. बंदीच्या विरोधात गावात सगळ्यांत मोठ्याने कोण बोलत होतं? नाकाला नळी लावलेली वेस्टा. किराण्याच्या दुकानात, पोस्टात, चर्चबाहेर, जिथे दम पुरेल तिथे ती बोलत होती. बंदी आली तर जिचा सगळ्यांत जास्त फायदा, जी पुन्हा आत येऊन आपल्या माणसांत बसू शकेल, तीच म्हणत होती, नको.

एका गुरुवारी बिंगो सुटल्यावर ऑर्फा गाडी चालवत तिला घरी नेत होती. गाडीत हीटर लावलेला, तरी वेस्टाचे हात गारठलेले.

"वेस्टा, एक विचारू?"

"तू न विचारता कधी राहिलीयेस?"

"कायदा झाला तर तू आत येशील. मग तू विरोधात का?"

"मी पन्नास वर्षं त्या हॉलमध्ये बसून ओढल्या. आता मला झेपत नाही म्हणून बाकीच्यांच्या तोंडातली काढून घेऊ? असली भवानी मी नाही."

"हे उत्तर तू पोस्टात दिलंस. मला खरं सांग."

वेस्टाने गारठलेले हात हीटरपुढे धरले. मग म्हणाली, "बरं, तूच सांग. कायद्याने काय होतं?"

"तेच तर मला कळत नाही. तू सोळा वर्षांची असताना असा कायदा असता, तर ओढली नसतीस?"

"बापाचा पट्टा होता की. त्याहून कडक कायदा कुठला? तरी शेडमागे जायचेच."

"म्हणजे कायद्याने काही होत नाही."

"होतं गं. कारखान्यात डोक्याला जाळी बांधायची सक्ती केली, तेव्हा आपण फोरमनला किती शिव्या घातल्या? आणि आता जाळीशिवाय कुणी मासा कापताना दिसलं, तर मलाच ओकारी येईल. सवय लागते माणसाला."

"मग झालं तर!"

"काय झालं? डोक्यावरची जाळी फेकून द्यायची तलफ येऊन कुणी रात्रीचं उठून बसत नाही, ऑर्फा."

ऑर्फाने विषय बदलला. "चीफ म्हणतो, तुझ्या गाडीपाशी एक स्पीकर लावू. खिडकी बंद करता येईल. थंडी वाजते तुला."

"खिडकी बंद नाही करायची."

"अगं, स्पीकरवर आकडे जास्त नीट ऐकू येतील."

"आकडे मला काच लावलेली असली तरी ऐकू येतात. तुझा आवाज धक्क्यावरच्या बोटींपर्यंत जातो. खिडकी आकड्यांसाठी नाहीये."

"मग कशासाठी?"

वेस्टाने तोंड पलीकडे फिरवलं. "ल्युएला खिडकीपाशी बसून ओढते ना," ती म्हणाली. "तो वास येतो."

ऑर्फाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. तिला आधी संताप आला, एवढा की स्टिअरिंगवर हात आपटावा. ज्या धुराने हिचा श्वास खाल्ला, तोच हुंगायला ही थंडीत काच खाली करून बसते! मग तिने बहिणीकडे बघितलं. नळी लावलेली, टोपी कानावर ओढलेली, चोरी पकडल्यासारखी बसलेली वेस्टा. ऑर्फाला खूप वाईट वाटलं.

"इतकी आठवण येते?"

"रोज. आणि आता तू सगळ्यांना सांगत सुटू नकोस."

"नाही सांगणार."

"आणि कायदा झाला, तर तो वासही जाईल. हे खरं उत्तर. झालं तुझं समाधान? चालव आता गाडी."

नोव्हेंबरात मतदान झालं. पहिला डाव सुरू होण्याआधी चीफ मधोमध उभा राहिला. बंदी हवी त्यांनी हात वर करायचा, दडवादडवी नाही. वेस्टासाठी त्याने खिडकीतून तोंड बाहेर काढून सांगितलं, "एक हॉर्न म्हणजे बंदी, दोन म्हणजे चालू राहू दे. कळलं का?" क्षणात दोन हॉर्न वाजले, असे लांबलचक की धक्क्यावरचे पक्षी उडाले. हॉलमध्ये हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "बघा! तिलाच नकोय बंदी, तर आपण कशाला मरतोय?" आता बंदीचा ठराव पडणार हे ऑर्फाने ओळखलं. स्वतःचा हात वर करायचा की नाही, हेच तिला ठरवता येईना. बहीण आत यावी, की बहिणीला हवं ते बहिणीला मिळावं?

तेवढ्यात ल्युएला हिमलमन उठली. दिवसाला दोन पाकिटं ओढणारी बाई. तिच्यावर कुणालाच शंका नव्हती.

"मी काय सांगते ते ऐका," ती म्हणाली. "ती टवळी बाहेर गाडीत बसते आणि हॉर्न वाजवते. दर वेळी माझं काळीज बंद पडतं. दर वेळी माझा चहा सांडतो. मी चाळीस वर्षं तिच्या शेजारी बसले. आता तिच्या खुर्चीत तो कंटाळवाणा झ्विकर बसतो आणि हरला की नाकात बोटं घालतो. मला वेस्टा पाहिजे. दाराबाहेर जाऊन ओढीन मी, पाय मोडले नाहीत माझे." आणि तिने हात वर केला.

मग एकेक हात वर येऊ लागले. झ्विकरचा आला, बहुधा खुर्ची सुटेल म्हणून. चीफचा आला, त्यात पेटलेली सिगारेट होती. ऑर्फाने हात केला तेव्हा मोजायचीही गरज उरली नव्हती. खिडकीबाहेर काय चाललंय ते कळत नसल्याने वेस्टा परत परत दोन हॉर्न देत होती.

घरी जाताना ती रागाने फणफणली होती. "मला विचारलंत तरी कशाला मग?"

"विचारलं आणि ऐकलं नाही," ऑर्फा म्हणाली. "चुकलंच आमचं."

"तूही हात केलास?"

"केला."

घरी पोचल्यावर वेस्टाने नळकांड्याला ऑर्फाचा हात लागू दिला नाही, स्वतःच ओढत आत गेली.

डिसेंबरातल्या पहिल्या गुरुवारी हॉल बिनधुराचा झाला. दलाच्या पोरांनी भिंती घासल्या, तर खालून निघालेला रंग निळा होता. तो पिवळा असल्याची सगळ्यांची खात्री होती. वेस्टा आली ती रुसलेलीच, पण केस सेट करून आली. नळकांड्याची चाकं करकरत आत शिरली तशी सगळी माणसं उभी राहिली. झ्विकरने निमूट खुर्ची सोडली. पुलापलीकडे गेलेले थोडे होते, बरेच राहिले. मासळीचं सूप, ओले कोट, कुणाचंतरी स्वस्त अत्तर, सगळ्यांना सगळ्यांचे वास येऊ लागले आणि त्यावरून टिंगल सुरू झाली. वेस्टाही हसली. डाव रंगले. ऑर्फाला वाटलं, बरं केलं आपण.

मग मध्यंतर झालं.

चीफ उठला, ल्युएला उठली, मागोमाग सगळं टेबल उठलं. कोट चढवून, पाकिटं चाचपत माणसं दाराबाहेर गेली. जे ओढत नव्हते तेही गप्पांच्या ओढीने गेले. ल्युएला दारातून म्हणाली, "आलेच हं वेस्टा, पाच मिनिटं!" दार मिटलं. बाहेर एकदम हशा उसळला. आत लांबच लांब मोकळी टेबलं, चहाचे कप आणि वेस्टा.

ऑर्फाने स्टेजवरून ते बघितलं. हेच का आपण तिला मिळवून दिलं? गाडीत निदान वास तरी येत होता. तिला बहिणीकडे बघवेना. ती खाली मान घालून अंड्याच्या सँडविचचा कागद सोडवत राहिली.

"ए, पुकारणारे!" वेस्टाने हाक मारली.

"काय?"

"तू नाही गेलीस बाहेर?"

"मी काय करू तिथे? मी कुठे ओढते?"

"मग एवढी वर्षं मध्यंतरात तू कुठे असायचीस?"

"इथेच."

"इथे म्हणजे?"

"इथे वर. खुर्चीत. सँडविच खायची."

"एकटीच?"

"मग काय, चेंडूंशी गप्पा मारू?"

वेस्टा हसली नाही. टेबलापासून स्टेजपर्यंतची ती थोडीशी जागा ती बघत राहिली. "मला वाटायचं, तू स्वयंपाकघरात बायकांबरोबर चहा पीत असशील," ती म्हणाली. "आणि कारखान्यात? सुट्टीची शिट्टी वाजली की आम्ही मागच्या धक्क्यावर ओढायला पळायचो. तू?"

"रांगेतच. सुऱ्यांना धार लावून ठेवायची. तुझ्या सुरीलाही."

"मला वाटायचं, फोरमन लावून ठेवतो."

"फोरमन!" ऑर्फाला हसू आलं. "वेस्टा, जाऊ दे गं. हॉलमध्ये धूर तरी किती असायचा. तुला टेबलावरून मी दिसणार कशी?"

"धुरावर नको ढकलूस," वेस्टा म्हणाली. तिला दम लागला होता, पण ती थांबली नाही. "दिसायला काय झालं होतं? मी बघितलंच नाही तुझ्याकडे. पन्नास वर्षं."

ऑर्फा सँडविच घेऊन स्टेजवरून खाली उतरली, वेस्टासमोरची खुर्ची ओढून बसली आणि अर्धं तिच्यापुढे सरकवलं.

"अंडं जास्त खारट झालंय," वेस्टा खाता खाता म्हणाली.

"तुला जीभ आहे का अजून? सगळी जाळून टाकलीस."

"परत येतेय वाटतं."

दोघी हसल्या. दार उघडून चीफ आत डोकावला, मागे ल्युएला, तिच्या मागे थंडीने लाल झालेली सगळी नाकं. "ऑर्फा, चल, पुढचा डाव! लोक खोळंबलेत!"

"थांबा जरा," ऑर्फा मागे न वळता म्हणाली. "आमचं खाणं चाललंय."